दुखायची थांबली म्हणजे दाढ बरी झाली नव्हे



बैलबाजारात गेल्यावर आपण पहिली गोष्ट कोणती करतो? बैलाचा जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे बोटाने चाचपल्याशिवाय आपण रुमालाखाली हात घालत नाही. आता दारोदार ट्रॅक्टर आले, तरी ही पारख आपल्या अंगातून गेलेली नाही. पण त्याच माणसाला विचारा, “आबा, तुमच्या स्वतःच्या तोंडात दाढा किती शाबूत आहेत?” तर आबा हसतात आणि म्हणतात, “कोण मोजतंय, साहेब! चावतंय तोवर चावायचं.”

या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि हुमणी यांवर लिहितो. ऊस विकास विभागाने दाताच्या वाटेला का जावे, असे कुणी विचारील. आम्ही डॉक्टर नव्हे. आमच्याजवळ आहे ती शेतकीची पदविका. पण वर्षाचे बारा महिने आम्ही गटागटांतून हिंडतो. बांधावर, गटऑफिसात, वजनकाट्यावर सभासदांशी बोलणे होते. तेव्हा गालाला फडके बांधून बसलेला माणूस आम्हांला प्रत्येक हंगामात भेटतो. त्याची दाढ पुढे निघते, वर्षा-दोन वर्षांनी शेजारची निघते, आणि साठी गाठायच्या आत भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी येते. यातले पुष्कळ दात वाचण्यासारखे असतात, असे आमचे मत आहे. ते जातात ते रोगामुळे कमी आणि आपल्या एका गैरसमजुतीमुळे जास्त. ती गैरसमजूत अशी, की दुखायचे थांबले म्हणजे रोग गेला.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःचीच गोष्ट सांगतो. काही हंगामांपूर्वी कारखाना ऐन भरात असताना आमची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. गार पाणी लागले की कळ मस्तकात जायची. रात्री आडवे झाले की ठणका दुप्पट. तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांची ओढाताण, दिवसभर सभासदांचे फोन, यातून दवाखान्याला सवड कुठली? दुकानातून गोळ्या आणल्या, दाढेत लवंग धरली आणि दिवस ढकलले. आठ-दहा दिवसांनी ठणका आपोआप थांबला. गार लागेना, गरम लागेना. आम्ही खूश! पुढच्या हंगामात एका सकाळी उठलो तो गाल टरारून सुजलेला. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि मुळाच्या टोकाशी हाडात पडलेला काळा डाग दाखवला. वरून दाढ इतकी पोखरली होती की तिच्यात धरण्यासारखे काही उरले नव्हते. काढावी लागली. डॉक्टरांचा यात काही दोष नव्हता. वर्षभर आम्ही स्वतःलाच फसवत होतो. दुखणे थांबले होते ते दाढेतली नस मेली म्हणून.

दाताच्या आत काय घडते

दाताला ‘कीड लागली’ असे आपण म्हणतो. आमचा धंदाच किडींचा, म्हणून सांगतो, की दातात अळी-बिळी काही नसते. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातली कीड पाडून दाखवणारे लोक गावोगाव फिरत, ती निव्वळ हातचलाखी. दात खाणारे असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. आपल्या खाण्यातल्या साखरेचे आणि पिठूळ पदार्थांचे ते आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी ही गोष्ट 1890 साली पुस्तकरूपाने मांडली होती.

दाताचे वरचे कवच म्हणजे शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. पण त्यात जीव नसतो, म्हणून एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. कवचाच्या आत त्याहून मऊ थर आणि अगदी मध्यभागी जिवंत गाभा. त्याला डॉक्टर पल्प म्हणतात, आपण नस म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि ते मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून आत आलेले असतात. जंतू गाभ्यापर्यंत पोचले की गाभा सुजतो. अंगावर गळू झाले तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाताच्या आत चारी बाजूंनी टणक भिंत. सूज जाणार कुठे? म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे गाभा मरतो आणि ठणका थांबतो. पण जंतू तिथेच राहतात, मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात पू करतात.

खोडकिडीने पोंगा मर झालेला ऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. बाहेरची पाने काही दिवस हिरवी दिसतात, पण मधला पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास मारतो. नस मेलेल्या दाढेचे तसेच समजा. आणि मुळाशी हुमणी लागली असताना पानांवर फवारा मारण्यात जेवढा अर्थ, तेवढाच अर्थ अशा दाढेवर नुसत्या गोळ्या खाण्यात.

गोळ्यांचा मुद्दा जरा खुलासेवार सांगायला हवा. वेदनाशामक गोळी कळ दाबते, जंतूला हात लावत नाही. जंतुनाशक गोळी, म्हणजे अँटिबायोटिक, रक्तातून प्रवास करते. मेलेल्या गाभ्यात रक्तच फिरत नाही, मग औषध तिथे पोचणार कसे? अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 साली डॉक्टरांसाठी काढलेल्या सूचनांत हेच आहे. बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिकची गरज नसते, प्रत्यक्ष दातावर उपचार करावा लागतो. ताप आला किंवा सूज पसरू लागली तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्याव्यातच. पण शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या खाऊन दाढ बरी करणे, हे काही खरे नव्हे.

या सगळ्याच्या मुळाशी जंतूच आहेत हे सिद्ध कसे झाले, तो प्रयोग आम्हां शेतकी माणसांना फार आवडण्यासारखा आहे. 1965 साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक गट नेहमीसारखा वाढलेला, दुसरा जन्मापासून जंतुविरहित जागेत वाढवलेला. दोन्ही गटांतील उंदरांच्या दाढांना भोक पाडून गाभा उघडा केला. नेहमीच्या उंदरांचा गाभा सडला, मुळाशी गळवे झाली. जंतुविरहित उंदरांच्या उघड्या गाभ्यात अन्नाचे कण अडकले होते, तरी तो मेला नाही, उलट जखमेवर नवा टणक थर धरला. आपण चाचणीच्या प्लॉटशेजारी तुलनेचा प्लॉट ठेवतो, तसाच हा प्रकार. फरक एकाच गोष्टीचा होता आणि निकालही तिनेच लावला. म्हणून उपचार कोणता, तर आत शिरलेले जंतू काढणे आणि पुन्हा शिरू नयेत म्हणून वाट बुजवणे. यालाच रूट कॅनॉल म्हणतात.

रूट कॅनॉल म्हणजे काय करतात

नाव ऐकूनच पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक इंजेक्शनने ती बाजू बधिर करून काम चालते. एक्स-रे काढून मुळे किती, वाकडी किती, हे आधी पाहतात. थुंकी आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. मग दाताला वरून भोक पाडून मेलेला किंवा सडका गाभा काढतात. मुळातल्या नळ्या केसासारख्या बारीक सुयांनी घासतात आणि जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात. समोरच्या दाताला बहुधा एकच नळी, दाढेला तीन किंवा चार. म्हणून दाढेला वेळ आणि खर्च जास्त. शेवटी स्वच्छ व कोरड्या झालेल्या नळ्या गच्च भरून बंद करतात. भरायला वापरतात तो पदार्थ म्हणजे गट्टा-पर्चा, मलायाकडील एका झाडाचा वाळवलेला चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर याच चिकाचे वेष्टण चढवत. त्यावरून तो किती टिकाऊ, याची कल्पना यावी.

नस काढली तरी दाढ आपल्या जागी घट्ट राहते, कारण मुळाभोवतीचे हाड आणि तिला धरून ठेवणारे तंतू जिवंतच असतात. तिच्याने भाकरी चावता येते, शेंगदाणे फोडता येतात.

अर्धवट उपचार हा खरा शत्रू

आता मुख्य गोष्ट. रूट कॅनॉल कधी एका बैठकीत होते, कधी दोन-तीन बैठका लागतात. पहिल्या बैठकीतच बहुतेकांचे दुखणे थांबते. डॉक्टर तात्पुरते भरण करून पुढची तारीख देतात. आणि इथेच आपला सभासद गायब होतो! लागण असते, भरणी असते, पाण्याची पाळी असते, पाहुण्यात लग्न असते. दुखत नाही, मग कशाला जायचे?

आम्हीही त्यातलेच. पहिली दाढ गमावून अक्कल आली म्हणावी, तर उजवीकडच्या दाढेला पहिली बैठक झाल्यावर आम्ही दोन महिने तिकडे फिरकलो नाही. मोळी टाकायचा दिवस जवळ आला होता, हे निमित्त. तात्पुरते भरण कधी झिजून पडले, कळलेही नाही. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, “साहेब, आळवणी अर्धी करून सोडली तर हुमणी मरते का?” आमचेच शब्द आमच्या तोंडावर! सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. सुदैवाने ती दाढ वाचली आणि आज तिच्याच जोरावर आम्ही ऊस सोलून खातो.

नळ्या भरल्या म्हणजेही काम संपले असे नाही. पोखरून आणि कोरून दाढ कमकुवत झालेली असते. तिच्यावर टोपी, म्हणजे कॅप, बसवली नाही तर एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने ती उभी चिरते आणि सारा खर्च पाण्यात जातो. अमेरिकेत एका दंतविमा योजनेतील 14 लाखांवर रूट कॅनॉल केलेल्या दातांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. आठ वर्षांनंतर शंभरातले 97 दात जागेवर होते. जे काढावे लागले ते तपासले, तर त्यांतल्या शंभरातल्या 85 दातांवर पूर्ण टोपीच नव्हती. यावर आम्ही वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

चार आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. दाढ काढायला थोडे पैसे लागतात, रूट कॅनॉल आणि टोपीला त्याच्या कितीतरी पट. पण काढल्यानंतरचा खर्चही मांडा. मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची दाढ लांबत येते, चावण्याची घडी बिघडते. पुढे पूल बसवायचा तर दोन्ही बाजूंचे चांगले दात तासावे लागतात. ज्यांना खासगी दवाखाना झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शिवाय लोणी, कराड, वारणेकाठी नवे पारगाव अशा आपल्या ऊसपट्ट्यातच दंत महाविद्यालये उभी आहेत. अशा ठिकाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, वेळ जास्त लागतो, पण पैसे बहुधा कमी पडतात.

दुसरा आक्षेप, “रूट कॅनॉलचा दात अंगात विष सोडतो, त्यातून मोठे रोग होतात.” असे संदेश मोबाईलवर फिरतात. ही कल्पना जुनी आहे. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1923 साली ती ग्रंथरूपाने मांडली. असे दात त्याने सशांच्या कातडीखाली बसवून पाहिले आणि ससे आजारी पडले म्हणून निष्कर्ष काढला. पण त्याच्या प्रयोगांत जंतूंपासून काळजी आणि तुलनेचा गट या दोन्ही बाबतींत मोठी उणीव होती, आणि पुढच्या संशोधकांना तसे निकाल मिळाले नाहीत. तुलनेचा प्लॉट न ठेवता ‘आमच्या खताने ऊस वाढला’ म्हणून सांगणारे विक्रेते आपल्याला नवे नाहीत.

तिसरा आक्षेप, “वरची दाढ काढली की डोळे जातात.” डोळ्यांचा आणि दाढेचा तसा काही संबंध नाही. पण या भीतीपोटी माणसे सडकी दाढ तोंडात ठेवतात आणि दवाखान्यातच जात नाहीत, हे वाईट.

चौथा आक्षेप डॉक्टरलोकांवरचा, की ते ऊठसूट रूट कॅनॉल सांगतात. शंका असेल तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा, यात गैर काही नाही. प्रत्येक दात वाचतोच असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, हिरड्यांच्या रोगाने दात हलत असेल, भरायला भिंतच उरली नसेल, तर तो काढणेच योग्य. आमचे म्हणणे इतकेच, की तो निर्णय एक्स-रे पाहून व्हावा, ठणक्याच्या रागात होऊ नये.

घरातल्या माऊलीचा दात

लिहावे की नाही असा विचार करून एक गोष्ट लिहितो. कर्त्या पुरुषाची दाढ दुखली तर त्याच्यासाठी शहरातला डॉक्टर शोधला जातो. आईची किंवा मालकिणीची दुखली तर, “मिश्री लाव, थांबेल,” आणि नाहीच थांबली तर, “टाक काढून.” ती माऊलीही म्हणते, “कशाला माझ्यावर एवढा खर्च?” बंधूंनो, ऊस बिलातून आपण मोटारसायकलचा हप्ता भरतो, जावळाला बोकड कापतो. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्याला भाकरी करून घातली, त्याला ती चावता यावी एवढा तरी हिशेब आपण ठेवावा. मिश्रीने आणि तंबाखूने दाढ बरी होत नाही. हिरड्या जातात, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. त्यांच्यात जंतुसंसर्ग लवकर बळावतो. आणि ही लक्षणे मात्र कुणीही अंगावर काढू नयेत: जबड्याखाली किंवा मानेवर सूज उतरणे, तोंड न उघडणे, गिळता न येणे, थंडी-ताप, श्वासाला त्रास. दाढेचा पू गळ्याकडे उतरला तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता थेट मोठे हॉस्पिटल गाठावे.

आपली साखर आणि आपले दात

आपण साखरेच्या कारखान्याचे मालक. म्हणून हे झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. दात किडण्यामागे साखर आहे आणि दाताच्या दृष्टीने गूळही तसाच. साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे. किती खातो याइतकेच किती वेळा खातो याला महत्त्व आहे. दिवसातून आठ वेळा गोड चहा म्हणजे आठ वेळा दातांवर आम्ल. चहाच्या खेपा कमी कराव्यात, गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे, रात्री झोपताना फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत. साखर पिकवावी, विकावी, पण सणासारखी खावी.

आमची सूचना

उपदेश पुरे. संचालक मंडळाने विचार करावा अशा दोन नम्र सूचना आहेत. एक, हंगाम संपल्यावर कारखान्याच्या आरोग्य शिबिरात दातांची तपासणी ठेवावी आणि जवळच्या दंत महाविद्यालयाशी बोलून सभासद कुटुंबांच्या उपचारांच्या तारखा बांधून घ्याव्यात. दुसरी, ऊसतोड कामगार बंधू-भगिनींसाठी ही तपासणी हंगाम चालू असतानाच त्यांच्या अड्ड्यावर व्हावी. हंगाम संपला की ते आपल्या गावी परततात, मग त्यांची दाढ कोण बघणार? त्यांच्या कोयत्यावर आपला कारखाना चालतो.

आणि सभासदांना विनंती. ऊस लावला की आपण लागणीची नोंद करतो, कारण नोंद नसेल तर तोड मिळत नाही, हे आपल्याला पक्के माहीत आहे. तशीच दाढेच्या पुढच्या बैठकीची तारीख त्याच डायरीत, लागणीच्या तारखेखाली लिहून ठेवा. चिटबॉय दारात आला की त्याला ती दाखवा. आमच्या विभागातील कर्मचाऱ्यांना आम्ही सांगून ठेवले आहे, की बांधावर उसाची चौकशी झाली की दाढेचीही करायची. दुखत नाही म्हणालात, तर आम्ही पुढचा प्रश्न विचारू: “ते खरं, पण टोपी बसवली का?”

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी